चाकामागचा डबा

"डबा ठेवलाय!" जोतीदादा जीपच्या मागून ओरडला. "आता गाडी मागं आली तर मी आज उपाशी. बघ काय ते."

आमच्या गावाच्या वेशीपाशी मारुतीचं देऊळ आहे आणि देवळाच्या अलीकडे चढ. अनोळखी ड्रायव्हर तिथे पोचला की मारुतीला हात जोडायच्या आधी हँडब्रेकला हात घालतो. त्या चढाच्या बरोबर मध्यावर दादाने मला जीप उभी करायला लावली होती आणि मागच्या चाकाला टेकवून स्वतःचा जेवणाचा डबा ठेवला होता. स्टीलचा, दोन पुडांचा. खाली भाकरी, वर झुणका.

"दादा, डबा काढ तिथनं. दगड ठेव."

"दगडाचं तुला काय वाटणाराय? दगड ठिवला की मानूस निवांत हुतं. भावाचा डबा ठिवला की पाय सुदीक इचार करतोय. हाफ क्लच घे. कान दे जरा. आवाज बदलला की समजायचं, गाडीनं वजन घेतलं. मग सोड हँडब्रेक."

मी कान दिला, आवाज बदलला असं मला वाटलं, आणि मी हँडब्रेक सोडला. गाडीने वजन घेतलं नव्हतं. मागे कर्र असं काहीतरी वाजलं. थोड्या वेळाने दादा खिडकीशी आला आणि चेपलेला डबा हलवून त्याने कानाशी नेला.

"झुणका वाचलाय," तो म्हणाला. "भाकरीचं थालीपीठ झालंय."

त्या महिन्यात दादाने बरीच थालीपिठं खाल्ली. आई रोज संध्याकाळी बत्ता घेऊन डबा ठोकत बसायची आणि विचारायची, "जोत्या, डब्यावर बसतोस का काय रं?" दादा म्हणायचा, "जागाच न्हाई गं गाडीत." मग एके दिवशी डबा शाबूत राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला. त्यानंतर त्या चढावर माझ्या हातून गाडी मागे आली नाही आणि बंदही पडली नाही. एवढं ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

तेव्हा मी अठरा वर्षांची होते. आणि माझ्या लायसनवर तारीख आहे सत्ताविसाव्या वर्षाची.

आमच्या बँकेत हा विषय दर पावसाळ्यात निघतो, कारण कुणाच्या ना कुणाच्या पोराला तेव्हा अठरा पूर्ण झालेली असतात आणि वाढदिवसाच्या केकआधी त्याने लर्निंगचा अर्ज भरलेला असतो. "मॅडम, तुमच्या घरी गाडी होती म्हणता, मग एवढा उशीर?" असं कुणीतरी विचारतं. काहींना वाटतं, मुलगी म्हणून घरच्यांनी अडवलं असेल. काहींना वाटतं, मी भित्री असेन. मी भित्रीवर मान डोलावते. त्यात चहा गार होत नाही.

आता खरं सांगायचं तर आधी आप्पांपासून सुरुवात करायला हवी.

आप्पा म्हणजे आमचे वडील, गावच्या हायस्कुलाचे हेडमास्तर. त्यांना दोन मुलं. एक मी, पद्मा, जिला पहिला नंबर सोडून दुसरा आकडा ठाऊक नव्हता. दुसरा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा जोतीराम. त्याने दहावी इतक्या वेळा दिली की केंद्रावरचे मास्तर त्याला नातेवाईक भेटल्यासारखे "काय, बरं आहे ना?" असं विचारायचे. हेडमास्तरांचा मुलगा इंग्रजीत आणि गणितात अडकलाय हे आप्पांना फार लागलं. ते दादाला रागावत नसत, मारत तर कधीच नसत. ते त्याच्याशी बोलत नसत, त्याच्याबद्दल बोलत, तेही तो समोर असताना. "आमचं थोरलं आलं का?" असं आईला विचारायचे आणि आमचं थोरलं दारातच उभं असायचं. निकालाच्या दिवशी माझ्यासाठी पेढे यायचे. ते आणायला दादा जायचा आणि हसत जायचा.

मग कुणाच्या तरी सांगण्यावरून आप्पांनी एका कंत्राटदाराची जुनी जीप घेतली. कंत्राटदाराच्या ड्रायव्हरने दादाला आठवडाभर शिकवलं आणि दादा लायसनच्या परीक्षेला बसला. पहिल्या झटक्यात पास झाला. आयुष्यात तो एकाच परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झाला, ती ही. ते लायसन त्याने प्लास्टिकच्या पाकिटात घालून शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि शर्ट बदलला की आधी लायसन बदलायचा, मग बटणं लावायचा.

"गाडी हाकायला कसली अक्कल लागते," आप्पा म्हणाले.

पण गावाला लागत होती. बाळंतपणाला बाई न्यायची, जोतीला सांगा. लग्नाचं सामान आणायचं, जोतीला सांगा. ज्या दहावीने त्याला इतकी वर्षं घोळवलं, तिच्याच केंद्रावर तो दर मार्चला गावातली पोरं वेळेत नेऊन सोडायचा आणि उतरताना प्रत्येकाला सांगायचा, "इंग्रजीला घाबरू नगंसा, मला आता पाठ झालंय ते." गाडी आप्पांच्या नावावर होती, पण सगळे तिला जोतीची जीप म्हणत.

त्या जीपचं डाव्या बाजूचं पत्र्याचं दार जरा उचलून मग ओढावं लागायचं. आप्पा पुढे बसायचे आणि ते दार नेहमी हळूच, सभ्यपणे ओढायचे. दादा गाडी सुरू करून थांबायचा. "आप्पा, दार लागलं न्हाई. परत लावा." आणि ज्यांनी कधी शिक्षणाधिकाऱ्याचंही ऐकलं नव्हतं ते आमचे आप्पा मुकाट्याने दार उघडायचे, उचलायचे आणि परत लावायचे. "हां," दादा म्हणायचा आणि गिअर टाकायचा. आप्पांनी दादाचं ऐकलं अशी सबंध जगात ही एवढीच एक जागा होती. मी लहानपणापासून मागच्या सीटवर बसून ते बघत आले होते आणि मला ते फार आवडायचं.

मी बारावी होऊन तालुक्याच्या कॉलेजात जायला लागले, तेव्हा आप्पांनी ठरवलं की शिकल्यासवरलेल्या मुलीला गाडीही आली पाहिजे. मला आभाळ ठेंगणं झालं. शिकवायला अर्थात दादा. त्याने कसं शिकवलं ते सांगितलंच. जीव ओतून शिकवलं आणि भुकेला राहून शिकवलं.

लायसनच्या परीक्षेचं शिबिर तालुक्याच्या गावी, बाजाराच्या मैदानावर भरायचं. त्या दिवशी सकाळी गाडी दादाच चालवत होता, कारण "परीक्षेआधी दमू नये" हा आप्पांचा सगळ्या परीक्षांना लागू असलेला नियम. आप्पा पुढे, मी मागे आणि माझ्या शेजारी हौसाक्का. हौसाक्का आमच्या शेजारची म्हातारी. जीप कुठेही निघाली की तिला तिकडेच काम निघायचं. त्या दिवशी तिची दाढ दुखत होती. आदल्या बाजारालाही तीच दुखत होती, फक्त उजवीकडची.

घाट उतरता उतरता आप्पा म्हणाले, "कारखान्यावर पाहुण्यांशी बोललोय मी. वॉचमनची जागा आहे. राहायला खोली देतात."

"कुणाला?" हौसाक्काने विचारलं.

"आमच्या थोरल्याला. पद्माला आज लायसन मिळालं की ही गाडी घेऊन रोज कॉलेजला जाईल. येता-जाता गावची कामं होतील. मग याला इथे ठेवून काय करायचं? एक तारखेपासून तिकडे चिकटवून देतो."

थोरला शेजारीच बसून गाडी चालवत होता. तिसरा गिअर टाकताना करकरला. दादाच्या हातून गिअर करकरलेला मी तोवर कधी ऐकला नव्हता.

"आन् रातीचं कुणाच्या पोटात दुखलं तर?" हौसाक्का म्हणाली.

"अँब्युलन्सला फोन करायचा."

"व्हय तर. मारुतीच्या चढावर अँब्युलन्स. ती चढंस्तवर पेशंट बरा तरी हुतोय, न्हाईतर जातोय तरी."

दादा हसला, पण आरशात दिसणारे त्याचे डोळे हसत नव्हते. कारखाना लांब होता. तिथे दादा रात्रभर कुठल्या तरी फाटकाशी स्टुलावर बसणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फाटक उघडून देणार. आणि इथे या सीटवर मी बसणार. दार लागलं की नाही हे आप्पांना सांगणार कोण? मी सांगितलं तर त्यात काय विशेष, माझं ते एरवीही ऐकायचेच.

मैदानावर रांग होती. दादाने माझ्यासाठी जीप धुऊन आणली होती तरी परीक्षा घेणारे साहेब बसणार ती सीट पुन्हा आपल्या रुमालाने पुसली. मग मला बाजूला घेऊन त्याने खिशातलं लायसन काढलं आणि पाकिटासकट माझ्या डोक्याला लावलं.

"घे आशीर्वाद. ह्यो एकच हाय माझ्याकडं."

"दादा, आप्पा म्हणाले ते—"

"ते ऱ्हाऊ दे. समोर बघ. मैदान सपाट हाय. आपल्या चढापुढं हे म्हंजे अंगण. डोळं मिटून पास हुशील. माझं नाव घालवू नगंस, काय? पयलाच इद्यार्थी हाय माझा."

साहेब बारीक, चष्मेवाले, उन्हाला कंटाळलेले होते. शेजारी बसले आणि म्हणाले, "चला." चुन्याने आखलेला आठचा आकडा समोर होता. मी चावी फिरवली, पहिला टाकला आणि जीप एक हिसका देऊन बंद पडली.

"असू दे. घाबरू नका. पुन्हा."

पुन्हा बंद पडली. या वेळी साहेबांचा चष्मा नाकाच्या टोकावर आला. मैदानाच्या कडेला दादा उभा होता. त्याने दोन्ही तळवे हवेत धरून हाफ क्लचची खूण केली, हळूहळू, सोड, सोड. मी त्याच्याकडे बघितलं, मग साहेबांकडे बघितलं आणि तिसऱ्यांदा गाडी बंद पाडली.

"ताई," साहेब दार उघडत म्हणाले, "नापास असं मी म्हणत नाही. पुढच्या शिबिराला या असं म्हणतो."

आप्पा सावलीत उभे होते. त्यांना आधी कळलंच नाही. "पद्मा? नापास?" असं त्यांनी साहेबांना विचारलं, साहेबांनी दुसऱ्याच कुणाचा निकाल सांगितला असावा अशा आवाजात. मी मान खाली घालून म्हणाले, "क्लच लवकर सुटला. मला भीती वाटते आप्पा. मला नाही जमायचं हे."

"पोरगी हुशार हाय," हौसाक्का गालावर हात धरून म्हणाली, "पर गाडीला ते ठावं न्हाई."

दादाने बोनेट उघडलं. बराच वेळ आत वाकून बघत राहिला. मग बोनेट लावलं, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता स्टिअरिंगवर जाऊन बसला.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. घाट सुरू झाल्यावर दादाने घसा खाकरला.

"आप्पा, एक सांगू? आपल्या घरात आता एक परीक्षा अशी हाय बघा, जिच्यात जोती पास आन् पद्मा नापास."

हौसाक्का इतकी हसली की तिची दाढ दुखायची थांबली. मी रडकुंडीचा चेहरा केला. आप्पा म्हणाले, "गप गाडी चालव." आणि थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "कारखान्याचं पुढे बघू. गाडी कुणीतरी चालवायला हवीच."

आणि मारुतीचा चढ जोतीदादाने नेहमीसारखा एका दमात चढवला.

तेव्हापासून पुढची नऊ वर्षं त्या एका वाक्याने माझा छळ केला. लग्नकार्यात, जत्रेत, बाजारात, जिथे चार माणसं जमतील तिथे दादा सुरू व्हायचा. "ही आमची पद्मा. बी.कॉम.ला पयली, बँकेच्या परीक्षेला पयली. फकस्त लायसनला नापास. तीनदा बंद पाडली, सपाट मैदानात!" ऐकणारे हसायचे आणि दादाकडे जरा निराळ्या नजरेने बघायचे. मला कोल्हापूरला नोकरी लागली त्या दिवशी स्टँडवर सोडताना त्याने बसच्या खिडकीतून सल्ला दिला, "म्यानेजरला सांग, हिला हिशोब द्या, चावी देऊ नगासा." मला बघायला आलेल्या एका मुलाला त्याने आपण होऊन सांगितलं की मुलीत दोष काही नाही, फक्त क्लच लवकर सोडते. मुलगा उठून गेला नाही, पण पुन्हा आलाही नाही.

मी चिडायचे, आदळआपट करायचे, आईकडे तक्रार करायचे. आप्पा दर शिबिराच्या आधी विचारायचे, "पद्मा, एकदा पुन्हा बसून बघतेस का?" कधी मला ताप असायचा, कधी ऑडिट असायचं, कधी नुसतीच भीती असायची. ऑफिसातल्या मैत्रिणी भराभर गाड्या चालवायला शिकल्या आणि मी त्यांच्या शेजारी पर्स धरून बसत राहिले. कारखान्याची ती जागा केव्हाच दुसऱ्या कुणीतरी घेतली होती. आप्पांच्या मोतीबिंदूच्या वेळी रोज तालुक्याला ने-आण करायला दादाच होता. आप्पा हळूहळू "आमचं थोरलं" म्हणायचे थांबले. आधी "जोत्या" झालं आणि मग केव्हातरी "जोती आहे ना" असं ते लोकांना सांगायला लागले. दादाचं लग्न झालं. सुमनवहिनी आल्या. त्यांच्या माहेरच्यांनी "मुलगा काय करतो?" विचारलं तेव्हा उत्तर द्यायची गरजच पडली नाही. त्यांची आजी याच जीपमधून एकदा दवाखान्यात गेली होती आणि चालत घरी आली होती.

आणि एका दुपारी बँकेत मला दादाचा फोन आला.

"पद्मे, पोरगी झाली."

मी काउंटरवरच ओरडले. तो पलीकडे नुसता हसत होता. मग म्हणाला, "एक काम हाय. लर्निंग काढ."

"काय?"

"तिसऱ्या महिन्यात सुमनला आन् बाळाला तिच्या माहेरास्नं आणायचं हाय. त्येच्या आत लायसन काढ. गाडी तू आणायचीस."

"का? तू आहेस की."

"मी न्हाई चालवणार. हे बघ, गावातली समदी बाळं ह्या गाडीतनं घरला आणली मी. समदी आरशात बघितली. मागं आया-मावश्या मांडीवर घिऊन बसत्यात, लाड करत्यात, आन् आपण आपलं पुढं बघायचं. माझी मला मांडीवर घिऊन यायची हाय."

मी म्हटलं, "मग एक दिवस दुसरा ड्रायव्हर घे ना."

"माझी पोरगी गाडीत असताना? कुणाच्या बी हातात गाडी देऊ व्हय मी? मी शिकवलेलं एकच मानूस हाय."

"ते नापास आहे."

"हाय की," दादा म्हणाला. "ये तर खरं."

मी रजा काढून गेले. दादाने मला जीपमध्ये बसवलं आणि थेट मारुतीच्या चढावर नेलं. बरोबर मध्यावर थांबवून तो शेजारून उतरला, मागे गेला, आणि मला ओळखीचा आवाज ऐकू आला.

"डबा ठेवलाय!"

"दादा, नऊ वर्षं मी हात लावलेला नाही गाडीला."

"मंग मी आज उपाशी. बघ काय ते."

मी क्लच अर्धा सोडला आणि कान दिला. इंजिनाचा आवाज जड झाला. जीप सीटखाली किंचित उचलल्यासारखी झाली. मी हँडब्रेक सोडला. गाडी तसूभर मागे आली नाही, जागेवर थांबली आणि मग सावकाश वर निघाली. देवळापाशी नेऊन मी उभी केली. दादा डबा हातात घेऊन चढ चढत आला. माझ्या शेजारी बसून त्याने डबा उघडला आणि अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. आम्ही दोघं खात बसलो.

"नऊ वर्षांनी बी डबा शाबूत," तो म्हणाला. "आन् त्या दिवशी सपाटीवर तीनदा बंद."

मी घास चावत राहिले.

"बोनेट उघडून मी काय बघत हुतो ठावं हाय? काय बी न्हाई. माझं डोळं भरलं हुतं, ते आत घालून उभा हुतो. गाडीला काय झालं नव्हतं पद्मे. जी पोरगी ह्या चढावर बंद पाडत न्हाई, ती मैदानात पाडंल व्हय? ती पाडायला सुदीक क्लच कळावा लागतोय."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"पयल्या खेपंला वाटलं, घाबरली. तिसऱ्या खेपंला तू माझ्याकडं बघितलंस आन् मग पाडलीस."

"मग बोलला का नाहीस?"

दादाने भाकरीचा तुकडा झुणक्यात फिरवला. "बोललो असतो तर तुला पुन्यांदा बसावं लागलं असतं. आन् खरं सांगू? मला जायाचं नव्हतं गं कारखान्यावर. कुणाला संशय नगं म्हणून मग चिडवत सुटलो. आप्पास्नी तर लईच संशय यायचा. म्हणायचे, असं कसं बंद पडंल. मंग मी आजून दोन मानसं गोळा करून चिडवायचो."

"त्या बघायला आलेल्या मुलाला पण?"

"त्यो बरा नव्हता. हात मऊ हुते त्येचे. चढावर टिकला नसता."

मी त्याच्या पाठीत बुक्का मारला. मग डोळे पुसले. मग उरलेला झुणका आम्ही भांडून संपवला.

शिबिराला मैदान तेच होतं, साहेब दुसरे होते. मी पास झाले. हौसाक्का आता फारशी उठत नव्हती, पण मी सांगायला गेले तेव्हा म्हणाली, "कळलं वाटतं गाडीला एकदाचं."

वहिनींच्या माहेरी आम्ही तिघं गेलो, आप्पा, दादा आणि मी. जेवणं झाली, ओट्या भरल्या. वहिनींच्या आईने जीपच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मी मनात म्हटलं, डब्यापेक्षा हे सोपं. वहिनी मागे बसल्या, त्यांच्याशेजारी दादा बसला आणि दुपट्यात गुंडाळलेली पोर त्याच्या मांडीवर दिली. ज्याने घाटात पोत्यांनी भरलेली जीप एका हाताने वळवली होती, तो दोन्ही हात तिच्याखाली घालून श्वास धरून बसला होता. पोरीने त्याच्या छातीशी तोंड खुपसलं आणि कुरकुर केली. दादाने एक हात जपून सोडवला, खिशातलं ते प्लास्टिकचं पाकीट काढलं आणि पुढे माझ्याकडे दिलं.

"धर हे तुझ्याकडं. टोचतंय तिला."

मी ते समोर काचेपाशी ठेवलं आणि चावी फिरवली. आप्पा माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी दार ओढलं, नेहमीसारखं हळूच, सभ्यपणे. लागलं नाही, हे मला आवाजावरून कळलं. मी काही बोलले नाही. इंजिन चालू ठेवून थांबले.

आप्पाही थांबले. दाराच्या मुठीवर हात ठेवून, समोर बघत. मागून काहीच आलं नाही. दादा खाली बघत होता, पोरीच्या मुठीत आपलं बोट अडकवून. जरा वेळाने आप्पा सीटवर वळले आणि त्यांनी मागे बघितलं.

"जोती," ते म्हणाले, "दार लागलं का रे नीट?"

दादाने मान वर केली नाही.

"न्हाई आप्पा. परत लावा. आन् आवाज नगं, झोपलीय ती."

आप्पांनी दार उघडलं. दोन्ही हातांनी उचललं आणि अगदी सावकाश, आवाज न करता लावलं. मग मागे बघून वाट पाहत राहिले.

"हां," दादा म्हणाला. "लागलं. चल पद्मा."